मेनेलाओसची एलेनी

स्पार्टाजवळच्या एका गावात मेनेलाओस आजोबांना आपल्या नावाचा भारी तोरा. "मेनेलाओस म्हणजे लोकांपुढे पाय रोवून उभा राहणारा!" असं ते कॉफी पिता पिता कुणालाही सुनवायचे. पाचही मुलांनी रीतीप्रमाणे आपापल्या थोरल्या मुलाला आजोबांचंच नाव ठेवलं होतं.

त्यातल्या एका नातवाचं लग्न ठरलं. मुलीचं नाव ऐकलं आणि कालिरोई आजी मटकन खालीच बसली.

"एलेनी? अहो, त्या पुराणातल्या मेनेलाओस राजाची एलेनी पारिसने पळवली. तिच्यापायी दहा वर्षं युद्ध चाललं!"

"मी बसलोय ना खंबीर!" आजोबा गरजले. त्यांनी पाहुण्यांची यादी तीनदा तपासली. फोटोग्राफरचं नाव पारिस निघालं, त्याला तिथल्या तिथे नारळ दिला. वर नवरीच्या दाराशी राखणीला त्याच पाचांतला दुसरा नातू बसवला.

लग्नाच्या सकाळी राखणदारही नाही आणि नवरीही नाही. थोड्या वेळाने त्याचाच फोन आला, "आजोबा, आम्ही दोघं चर्चमध्येच आहोत. आम्हालाच लग्न करायचंय."

नवरदेवाने भोकाड पसरलं. आजीने कपाळावर हात मारला. "चारशे माणसं येतील हो! त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं?"

आजोबांनी चष्मा लावून लग्नपत्रिका वरपासून खालपर्यंत वाचली आणि मिशीला पीळ दिला.



"सांगायचंय काय त्यात? एक अक्षर चुकलेलं नाही."