समोरासमोर

संशोधक बाईंनी चपला काढल्या, पिशवीतून टाचलेले कागद काढले आणि सुनेनं चटकन वळून पाहिलं. मागे पलंगावर सासू भिंतीकडे तोंड करून पडली होती. चार वर्षं अंथरुणाला खिळलेली, पण कान मात्र तिखट.

"फोनवर छान बोललात, ताई. पण आमचे सर म्हणतात, फोनवर माणूस मोकळं बोलत नाही. समोर बसायलाच हवं. म्हटलं, जाऊनच यावं."

"फोन होता म्हणूनच बोलले मी मोकळं," सून आवाज दाबून म्हणाली. "तुम्ही आता निघा."

बाईंना कुठलं कळायला! एवढं शिकतात, पण अक्कल कुठे गहाण टाकतात देव जाणे.

"पाचच मिनिटं. तुमचं बोलणं तुम्हाला वाचून दाखवायचं, असा नियमच आहे. चुकलं असेल तर दुरुस्त करायचं." आणि त्या खणखणीत आवाजात सुरूही झाल्या. "प्रश्न : आजारी माणसाचं करताना मनात काय येतं? उत्तर : म्हातारी एकदाची सुटावी, म्हणजे मीही सुटेन..."

सुनेनं कागद हिसकावून घेतले.

"बास! जिन्यात उभी राहून, दार ओढून घेऊन बोलले होते मी. ते तुम्ही यांच्या उशाशी आणून वाचताय? तुम्ही जाल हो उठून. मला इथेच राहायचंय, यांच्याबरोबर!"

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्या पिशवी आवरू लागल्या.

पलंग करकरला. सासूनं मान वळवली. सुनेकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

"चुकलंय, बाई. म्हातारी नाही म्हणाली ती. थेरडी म्हणाली. जिन्यातलं सगळं ऐकू येतं मला."

बाईंची मान खाली गेली. लिहून काढताना तो शब्द त्यांनीच जरा सभ्य केला होता. सून भिंतीला टेकली.

सासूनं उशीखाली हात घातला आणि मोबाइल बाहेर काढला. रोज सकाळी सूनच तो चार्ज करून तिथे ठेवायची.

"माझा नंबर लिहून घ्या," सासू म्हणाली. "आणि येऊ नका, फोनच करा. दुपारी, ही भाजी आणायला गेली की."