काळे ठिपके

पेनड्राइव्ह नव्या मशीनमधून निघाला तसा बसलिंगप्पा सरांनी हात पुढे केला. "दे इकडं. या खोलीबाहेर जायचा नाही तो."

गंजगोलाईतल्या दुकानातून मशीन बसवायला आलेल्या मुज्तबाने तो त्यांच्या तळहातावर ठेवला. "सर, बंद पेटी हाय नुसती. चावी तुमच्या डोक्यात. मी नेऊन काय करू?"

"ते तुझ्या त्या लोकांना विचार."

ते लोक म्हणजे समोरच्या चारमजली क्लासचे. मुज्तबा त्यांचीही मशिनी बघायचा. त्याच्या बॅगेवर त्या क्लासचं नाव ठळक छापलेलं होतं. सरांनी आपल्या गणितांचा साठा द्यावा म्हणून क्लासवाले दोनदा घरी येऊन गेले होते. दोन्ही वेळा सरांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं होतं.

साठा म्हणजे नऊ हजार गणितं. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमधल्या शाळेत मुलांना घालता घालता सुरू झालेली, सर लातुरात आल्यावर वाढत गेलेली. ती सगळी इंटरनेटवर एका खात्यात होती. खात्याचा पासवर्ड ब्राउझरच्या पोटात, आणि ब्राउझरला सरांनी वरून आपलं एक कुलूप घातलेलं. खातं उघडलं तेव्हाचा मोबाइल नंबर केव्हाच बंद झाला होता, त्यामुळे नवा पासवर्ड मागवायचीही सोय नव्हती. आणि सोमवारपासून ओसरीवर सदतीस मुलं बसणार होती, ज्यांना समोरचा क्लास परवडत नव्हता.

जुन्या मशीनवर विंडोज होतं आणि ते दर दहा मिनिटांनी बंद पडायचं. नव्यावर मुज्तबाने लिनक्स घातलं होतं. "हे हलकं चालतं, सर. तुमच्या टायपिंगची मराठीबी टाकून दिली." ब्राउझरचं बिऱ्हाड पेनड्राइव्हवर घालून इकडून तिकडे न्यायला दुपार गेली. दुपारभर सर त्याच्या खांद्यामागे स्टूल टाकून बसले होते.

"पोराला चोर म्हणून बसवलंय का?" चहा घेऊन आलेल्या नीलाबाईंनी नवऱ्याला विचारलं. सरांनी स्टूल हलवलं नाही.

तेवढ्यात जुनं मशीन पुन्हा बंद पडलं, आणि या खेपेला उठलंच नाही. मुज्तबाने वायर काढून घातली. जळका वास आला.

"बरोबर आत्ताच," सर म्हणाले.

"दोन वर्षं सांगायलोय तुम्हाला, सर."

नव्या मशीनवर ब्राउझर उघडला. सगळ्या खुणा जागच्या जागी, मधोमध कुलपाची चौकट. मुज्तबा उठून बाजूला झाला. टाइपरायटरवर घडलेली सरांची बोटं झरझर चालली, चौकटीत काळे ठिपके उमटले. चूक. पुन्हा टाकलं. चूक. तिसऱ्यांदा एकेक कळ जपून दाबली. चूक.

"सकाळी उघडत होतं." सर खुर्चीतच वळले. "तू पेटी बदललीस."

"सर, मी..."

"बॅग उघड."

मुज्तबाने बॅग पलंगावर पालथी केली. वायरी, स्क्रू ड्रायव्हर, टोपी, जेवणाचा डबा. सरांनी डबासुद्धा उघडून बघितला. आत चतकोर भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता. मुज्तबाने डबा त्यांच्या हातातून घेतला आणि झाकण लावलं.

"एक करा," तो म्हणाला. "तुम्ही टाकता ते उघड्या पानावर टाकून बघा. काय उमटतं ते कळंल. मी बघत न्हाई." एक कोरं पान उघडून देऊन तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखा.

सरांनी टाइप केलं आणि ते बघतच राहिले. अकरा वर्षं रोज हे शब्द त्यांच्या बोटांतून गेले होते. डोळ्यांना मात्र आजवर नुसते ठिपके दिसले होते.

"बरोबर उमटलं का, सर?"

"हो."

"मराठीत?"

"मराठीतच टाकतो मी."

"मग तिथंच घोळ हाय," मुज्तबा भिंतीशी बोलला. "जुन्यात मराठी नुसती फॉन्टमुळं वरून दिसायची. आत इंग्रजी अक्षरं जायची. ठिपक्यांमागं कोण बघतंय? नव्यात मी खरी मराठी टाकून बसलो. माझीच चूक. वर कोपऱ्यात भाषेचं बटण हाय, ते इंग्रजी करा. अन् बोटांना त्यांच्या सवयीनं जाऊ द्या."

सरांनी तसं केलं. कुलूप उघडलं. नऊ हजार गणितं होती तशी होती. पहिलं गणित होतं: इतक्या लांबीच्या, इतक्या रुंदीच्या शेडला पत्रे किती लागतील?

"उघडलं," सर म्हणाले.

"आधी ते पान पुसा, सर. तोवर मी उभा हाय."

सरांनी पान समोर आणलं, पुसायच्या कळेवर बोट ठेवलं. बोट तिथंच राहिलं.

"पुसलं का, सर?"

"वळ," सर म्हणाले.

मुज्तबा वळला. पडद्यावर दोन शब्द होते: शिवकांता हजर.

"कोण, सर?"

"भूकंपाआधीच्या पटावरचं पहिलं नाव. शेडमध्ये हजेरी घ्यायला लागलो तेव्हाही मी तिच्यापासूनच सुरुवात करायचो. दुसऱ्या नावापासून आवाज यायचा."

मुज्तबा पलंगावरचं सामान बॅगेत भरू लागला. भरता भरता म्हणाला, "पासवर्ड बदलून घ्या, सर. मी बघितला आता."

सरांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि त्याच्या डब्यावर ठेवला.

"हा तुझ्याकडं ठेव," ते म्हणाले. "हे मशीनही एखाद दिवशी जाईल. मग मी कुठून आणू?"