करडाचं रडणं

थिएटरातले दिवे मालवले, तसा आईने माझा हात घट्ट धरला. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज कायमचा गेला होता. घरी त्याचं एकही रेकॉर्डिंग नव्हतं.

हरवलेल्या करडाच्या जुन्या कार्टूनमध्ये करडाला तिचाच आवाज होता. पण त्या कार्टूनची एकही प्रत उरली नव्हती आणि स्टुडिओने संवादांच्या टेपाही पुसून पुन्हा वापरल्या होत्या. आता त्याच कार्टूनचा नवा सिनेमा आला होता. देवा, तिचं एक वाक्य तरी कुठूनतरी मिळालेलं असू दे!

पडद्यावर करडाने तोंड उघडलं. "आई, कुठेयस गं?" आवाज कुणा कोवळ्या मुलीचा होता. आईचा हात सैल पडला.

"चल आई, घरी जाऊ," मी म्हटलं. तिने नकारार्थी मान हलवली आणि थांब अशी खूण केली.

मग रानात एकटं पडलेलं करडू धाय मोकलून रडू लागलं आणि मी ताठ बसले. बाबा गेले त्या दिवशी ऐकलेला आईचा हुंदका होता तो! आई पूर्वी सांगायची, रडून आवाज बसतो, म्हणून स्टुडिओत रडणं शेवटी, वेगळ्या टेपवर घ्यायचे. तेवढी टेप वाचली होती.

शेजारी आईही रडत होती. तिच्या तोंडून आवाज फुटत नव्हता. तो पडद्यावरून येत होता.