कडेची जागा

हिरवळीवर नवरी आणि तिच्या मैत्रिणींची रांग लागली होती. फोटोग्राफर ऊन ढगाआड जायची वाट बघत होता, तेवढ्यात नवरीची आई त्याच्या कानाशी आली आणि तिच्या मते कुजबुजली.

“ती निळ्या ड्रेसमधली दिसते ना, ती आमच्या चिरंजीवांची मैत्रीण. तिला अगदी कडेला घ्या. आजकालच्या मुलांचं काय सांगावं, उद्या फिसकटलं तर कापता यायला हवी. आणि तिचा हात कुणाच्या खांद्यावर नको. माझ्या भाच्याच्या फोटोतून एकीला कापलं, तर तिची चार बोटं अजून त्याच्या खांद्यावर आहेत!”

इतक्या लांबचं दाखवणारं भिंग फोटोग्राफरकडेही नव्हतं. त्याने निळ्या ड्रेसवालीला कडेला सरकवलं, मध्ये वीतभर जागा सोडली आणि म्हणाला, “ताई, हात जरा खाली.” तिने काही न विचारता हात खाली घेतला आणि छान हसली.

दोन वर्षांनी तो त्याच हिरवळीवर पुन्हा रांग लावत होता. या वेळी तीच मुलगी मधोमध होती, नवरी म्हणून. तिच्या मैत्रिणी उभ्या राहताहेत तोवर होणाऱ्या सासूबाई लगबगीने आल्या. “मीही येते गं तुमच्यात,” म्हणत त्यांनी सुनेच्या खांद्यावर मोठ्या प्रेमाने हात ठेवला.

 

“आई, तुम्ही त्या कडेला उभ्या राहा ना,” सून गोड आवाजात म्हणाली, “आणि हात खाली घ्या हं, नंतर बोटं राहतात.”