आबांवर राज्य

मुलांनो, समजा तुम्ही स्कूटरमागे लपला आहात आणि ज्यांच्यावर राज्य आहे त्या आजोबांचे आकडे संपतच नाहीत. पिंपळे गुरवच्या सोसायटीत स्वरूपाचं तसंच झालं. चाकणच्या कंपनीतून निवृत्त झालेले तिचे आबा खांबाला कपाळ टेकवून "एक" म्हणाले. "दोन" बऱ्याच वेळाने आलं. "आबा झोपले रे!" म्हणत पोरं घरी पळाली. स्वरूपाही रडवेली होऊन वर आली. आई म्हणाली, "आबांना कंपवात आहे ना, त्यांच्या मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी झालंय. वेळेचा अंदाज त्यावर चालतो. आपल्याला उशीर वाटतो, त्यांना मात्र वाटतं, आपण भराभर मोजतोय." "मग ते वळतील तेव्हा लपलेलं कुणीच नसेल?" खालून "सहा" ऐकू आलं. स्वरूपाने आईला ओढत खाली नेलं, जिन्यामागे दडवलं आणि आईला हसू फुटताच तिच्या तोंडावर हात दाबून धरला.