मंगळवारचं स्वस्त तिकीट

एअर होस्टेसनं चिनी मातीच्या बशीत वाफाळता मटार पुलाव आणला आणि मालतीबाईंनी हात जोडले. “नको गं बाई, आज अंगारकी!”

शेजारच्या ऐसपैस खुर्चीत टिपणीसांचा चेहरा पडला. बायकोला एकदा तरी बिझनेस क्लासनं न्यायचं म्हणून तीन वर्षं अख्ख्या सोसायटीची वीजबिलं स्वतःच्या कार्डावर भरून त्यांनी पॉइंट साठवले होते. मंगळवारी पॉइंट कमी लागतात, हेही हुडकलं होतं. कॅलेंडर तेवढं बघायचं राहिलं. चंद्रोदय नऊला आणि विमान नागपूरला उतरणार पावणेनऊला!

“असू दे हो. खुर्ची तर मिळाली ना?” मालतीबाई म्हणाल्या खऱ्या, पण नजर परत निघालेल्या बशीच्या मागं गेली.

टिपणीसांनी हिरमुसून खिडकीची झडप वर सरकवली आणि ओरडलेच, “अगं, तो बघ!”

खाली जमिनीवर कुणाला पत्ताही नव्हता, पण इथं ढगांच्या वर तांबूस चंद्र चांगला हातभर आला होता.

मालतीबाईंनी नमस्कार केला, बशी परत मागवली आणि पहिला घास घेत विचारलं, “पुढं बसणाऱ्यांना चंद्रसुद्धा आधी दाखवतात होय?”

“तिकिटातच धरलेलं असतं ते,” टिपणीस ऐटीत म्हणाले.