उंबरठ्यावरचा उखाणा

नवी सून ऋजुता उंबरठ्यावर थांबली, तशा कुमुदिनीबाई औक्षणाचं ताट घेऊन पुढे झाल्या. अपघातात तिचा आवाज गेला होता. आता गळ्यात बसवलेलं यंत्र तिच्या मनातलं बोलून दाखवायचं.

"चांदीच्या ताटात मोगऱ्याची रास..."

आणि यंत्र गप्प झालं. नवऱ्याचं नाव आलंच नाही. बायकांनी आणखी दोनदा म्हणायला लावलं, पण तिन्ही वेळा तिथंच अडलं.

"तिचा दोष नाही हो," ऋजुताचे वडील घाईघाईनं म्हणाले. "एका दमात चाळीसच अक्षरं बोलता येतात. त्याहून लांब मजकूर गेला तर मेंदूला इजा होते, म्हणून यंत्रच मध्ये तोडतं."

सगळ्यांना हायसं वाटलं. ऋजुतानं माप ओलांडलं.

कुमुदिनीबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. तीस वर्षं त्यांनी टायपिंगचा क्लास चालवला होता. मथळा कागदाच्या मधोमध बसवायचा म्हणून अक्षरं मोजायची सवय बोटांना लागली ती लागलीच. शिवाय हा उखाणा त्यांनीच तर लिहून दिला होता. 'निशिकांतरावांचं नाव घेते तुमच्यासाठी खास' हे धरून त्यांनी पदराआड बोटं मोजली. मग पुन्हा मोजली.

सगळी मिळून तीसच भरत होती.

त्यांनी मान वर केली. ऋजुता त्यांच्या बोटांकडेच बघत होती. नमस्काराला वाकली, तेव्हा तिचं यंत्र फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतकं हळू बोललं.

"आई, मोजू नका."